नंदू माधव यांचा अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार हुकला कामून? आणि पुढची संधी कुठं?

गोदाकाठ
बीड जिल्ह्यातल्या या नटाला अभिनयाचं रजत कमळ अजून मिळालेलं नाही. 'मराठवाड्याच्या माणसाला कोण विचारतंय' म्हणून आपण विषय तिथंच सोडतो. माझं म्हणणं वेगळं आहे. काम पडद्यावर आहे, पण परीक्षकाची नजर जिथं पहिल्यांदा जाते तिथं ते नाही.

56 व्या राष्ट्रीय पुरस्कारांचंच बघा, वर्ष 2008. नंदू माधव यांनी दादासाहेब फाळके साकारलेला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता 'जोगवा'साठी उपेंद्र लिमये. म्हणजे दोघं एकाच वर्षी समोरासमोर होते. कोणी म्हणेल, फॅक्टरी तर थेटरात जानेवारी 2010 मध्ये आला, मग 2008 कसं? तर तिथं रिलीज बघत नाहीत. सेन्सॉरचं प्रमाणपत्र 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळातलं लागतं.

आता फाळक्यांची भूमिका बघा. दिग्दर्शक परेश मोकाशींनी कॅमेरा बहुतेक ठिकाणी एका जागी रोवलाय, माणसं डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत. चेहऱ्याचा क्लोजअप क्वचित. मग नटानं बोलायचं कशानं? नंदू माधव चालण्यानं बोलतात. तंबूतल्या खेळात सगळे पडद्याकडं बघायलेत आणि यांचं सगळं लक्ष प्रोजेक्टरकडं. घरातलं सामान विकायची वेळ येते तेव्हाही चालीतली घाई कमी होत नाही. डोळे जायची पाळी येते, तिथंही रडारड नाही. दुःख आहे, पण ते गडबडीत झाकलेलं. असं काम पुरस्काराच्या यादीत मागं पडतं, कारण 'ही बघा, इथं कमाल केली' असं एक दृश्य काढून दाखवता येत नाही.

बीड बायपास
भाऊ, फाळके मलाही लई आवडतात. पण लिमयेंचा तायप्पा त्या वर्षी सरसच होता, हे मान्य करा. देवीला सोडलेला, लुगडं नेसायला लावलेला पुरुष. खांदे पडलेले, नजर खाली, आणि त्याच्यासारखीच देवीला सोडलेल्या सुलीसमोर येताना आतला पुरुष हळूहळू परत उभा राहतो. सुरुवातीचा तायप्पा आणि शेवटचा तायप्पा शेजारी ठेवले तर दोन माणसं दिसतात. फाळके पहिल्या दृश्यात जेवढे वेडे आहेत तेवढेच शेवटी आहेत. ते बदलत नाहीत, त्यांच्याभोवतीचं जग बदलतं. पटकथेनं नटाला चढच दिला नसंल तर परीक्षकांनी मार्क कशाला द्यायचे?

शिवाय हे एकाच वर्षाचं नाही. 62 व्या पुरस्कारात संचारी विजय यांना कन्नड सिनेमासाठी अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तीही पुरुषाच्या देहात अडकलेल्या बाईची भूमिका. त्याच वर्षी 'कोर्ट' सर्वोत्कृष्ट चित्रपट झाला, पण त्यातल्या वीरा साथीदारांच्या नारायण कांबळे या शाहिराला अभिनयाचं काही नाही. देहबोली उलटीपालटी करणाऱ्या भूमिकेला वजन मिळतं. हे चूक की बरोबर हा वेगळा वाद, पण असं आहे.

मोंढ्यावरची
'कोर्ट'चं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. साथीदार तिथं अभिनय करतायत असं वाटतच नाही, आणि तेच त्यांचं यश होतं. तरी पुरस्कार नाही. म्हणजे दोष भूमिकेत नाही, मोजमापात आहे.

एक गोष्ट कोणी बोलत नाही ती म्हणजे उपशीर्षकं, आपली सबटायटल्स. 57 व्या पुरस्कारांपासून निवड दोन टप्प्यांत होते. मराठी सिनेमा आधी पश्चिम विभागाच्या समितीपुढं जातो. तिनं शिफारस केली तर दिल्लीत 11 जणांच्या केंद्रीय समितीपुढं. तिथं तमिळ, बंगाली, आसामी माणूस मराठी ऐकत नाही, वाचतो. खाली एका वेळी दोन ओळी, ओळीला साधारण 40 अक्षरं. नट झपाझप बोलत असंल आणि दोन पात्रं एकमेकांचं बोलणं तोडत असतील, तर डोळा खालीच राहतो. चेहरा वर, वाचन खाली. विनोदाचा वेग असलेल्या भूमिकेचं निम्मं काम असंच वाया जातं. वर आपल्याकडचं 'करायलंय', 'जायलाय' इंग्रजीत गेलं की सगळ्यांची बोली एकसारखी सपाट होते. पात्र बीडचं का पुण्याचं, कळायला मार्ग नाही.

56 व्या वेळी ही दोन टप्प्यांची पद्धत नव्हती हे मला माहीत आहे. पण वाचून बघायची अडचण तेव्हाही हीच होती.

बीड बायपास
ताई, मग 'देऊळ'चं काय? 59 व्या पुरस्कारात गिरीश कुलकर्णींना सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि वर संवादांचाही पुरस्कार. त्यांचा केश्या पूर्ण गावरान बोलतो, अर्धा सिनेमा हसवतो, वेशांतर नाही. तिथं उपशीर्षकं आडवी आली नाहीत ती कशी?

मोंढ्यावरची
कारण केश्याच्या मोठ्या जागा बिनबोलाच्या आहेत. करडी गाय हरवते तेव्हा माळावर फिरत मारलेली तिची हाक आठवा. त्या हाकेला भाषांतर लागत नाही. शेवटी मूर्ती उचलून नेतो तिथंही माणूस बोलत नाही, फक्त चालतो. परीक्षकाला तिथं खाली वाचायला काहीच नसतं, तो नटाकडंच बघतो. 'अनुमती'त विक्रम गोखल्यांचंही तसंच. बायको दवाखान्यात, पैसा संपलेला, आणि तिला जगवायचे प्रयत्न थांबवायच्या कागदावर सही करायची की नाही हा प्रश्न. हात आणि डोळे, बस. 60 व्या वेळी इरफान खान यांच्यासोबत त्यांना पुरस्कार विभागून मिळाला.

म्हणून मी म्हणते, नंदू माधव यांची पुरस्काराला जवळची भूमिका 'फॅक्टरी' नाहीच. ती 'टपाल'मधली आहे. खेड्यातला पोस्टमन, घरी मूल नाही, वीणा जामकरांसोबतचा संसार. तिथं त्यांना थांबायला जागा मिळाली आहे. दुसऱ्यांची पत्रं घरोघर पोचवणारा माणूस स्वतःच्या घरात गप्प बसतो. त्या गप्प बसण्यात फाळक्यांच्या सगळ्या घाईपेक्षा जास्त आहे.

गोदाकाठ
इथं मी अजिबात सहमत नाही. 'टपाल'मधलं दुःख पटकथेतच लिहिलेलं आहे. चांगला नट ते पेलणारच. फाळक्यांचं काम अवघड होतं, कारण तिथं दुःख लिहिलेलंच नाही, ते नटानं शोधून ठेवलंय. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची रोज थोडी थोडी फिल्म घ्यायची, तो भाग पुन्हा बघा. त्या दृश्यात नाट्य शून्य. रोप वाढायची वाट बघणारा माणूस दाखवायचा आणि प्रेक्षकाला कंटाळा येऊ द्यायचा नाही! हा सिनेमा ऑस्करला भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून गेला, त्यात मोकाशींच्या दिग्दर्शनाइतकाच या वेगाचा वाटा आहे.

जालनेकर
दोन्हीकडचं वाचलं. माझा मुद्दा कोणाला आवडणार नाही. 'कुठली भूमिका' यापेक्षा 'कुठला विभाग' हे महत्त्वाचं आहे, आणि आपण मुख्य भूमिकेलाच चिकटून बसलोय.

मुख्य अभिनेत्याच्या पुरस्काराला देशातल्या सगळ्या भाषांतले नायक एका रांगेत असतात. मराठी सिनेमासाठी तो मिळाला ती हाताच्या बोटावर मोजण्यासारखी वर्षं, वर तिन्ही येऊन गेली. सहायक भूमिकांच्या रांगेत मात्र मराठीला जागा सापडते. 64 व्या वेळी मनोज जोशी, 'दशक्रिया'. 66 व्या वेळी स्वानंद किरकिरे, 'चुंबक'. अमृता सुभाष यांना 'अस्तु'साठी सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार 61 व्या वेळी. म्हणजे हे दार तीनदा उघडलंय. साठीकडं झुकलेला बाप, मास्तर, कारकून, अशा भूमिका नंदू माधव यांच्याकडं येत असतील तर संधी तिथंच आहे. 15-20 मिनिटांचं काम, पण त्यात एक निर्णय त्या पात्राचा स्वतःचा असावा. नुसतं नायकाला सल्ला देणारं पात्र असंल तर कितीही चांगलं करा, परीक्षकाच्या टिपणात नाव येत नाही.

बीड बायपास
हे पटलं. पण निर्मात्यांचंही काम आहे. प्रमाणपत्र डिसेंबरच्या शेवटी घ्यायचं, मग प्रवेशिकेच्या घाईत उपशीर्षकं एका रात्रीत करून घ्यायची, आणि नंतर म्हणायचं न्याय झाला नाही. उपशीर्षकं दिग्दर्शकानं नटासोबत बसून तपासली पाहिजेत. जिथं चेहरा बोलतोय तिथं ओळ अर्ध्यावर आणली पाहिजे.

मोंढ्यावरची
ते शंभर टक्के. राज्य पुरस्कारांबद्दल एक सांगते. तिथं मराठी परीक्षक असतात, बोली समजते. तरी मराठवाड्याची बोली ऐकली की डोक्यात आधी विनोदी कलाकाराचा दामूअण्णा मालवणकर पुरस्कार येतो. मकरंद अनासपुरेंनी ही बोली महाराष्ट्रभर पोचवली, ते काम मोठंच आहे. पण त्यामुळं आपला माणूस पडद्यावर गंभीर बोलला तरी लोक हसायची वाट बघतात. नंदू माधव यांनी 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक 2012 मध्ये बसवलं. राजकुमार तांगडेंची संहिता, जालना जिल्ह्यातली पोरं, हीच बोली. तिथं माणसं हसली आणि त्याच वाक्याला गप्पही झाली. बोलीत ही ताकद आहे हे रंगमंचावर सिद्ध झालंय. सिनेमात त्यांनाच या बोलीतली गंभीर भूमिका कोणी लिहून दिली नाही, अशी माझी खरी तक्रार आहे.

गोदाकाठ
तशी भूमिका आली तर मी फाळक्यांचा हट्ट सोडतो. सहायक असो नाहीतर मुख्य, बीडच्या बोलीत, आणि मोंढ्यावरची ताई म्हणतात तशी दोन-तीन बिनबोलाची दृश्यं. तोवर 'टपाल' परत बघतो, थांबण्याच्या जागा मोजून इथं लिहितो. जालनेकर, तुम्ही 'दशक्रिया'तले मनोज जोशी किती दृश्यांत आहेत ते मोजा. मग तुमची 15-20 मिनिटं टिकतात का ते बघू.