अण्णांचं जुनं स्टीलचं रिव्हॉल्व्हर की नवं हलकं? दिवसभर गादीवर बसणाऱ्याने काय बाळगावं

गाळेवाला_पिंपळगाव

मंडळी, नमस्कार. पिंपळगाव बसवंतला कांदा-टोमॅटोचा गाळा आहे. आठवड्यातून दोन-तीनदा रोकड घेऊन हायवेने नाशिकला येणं-जाणं असतं. जिल्हाधिकारी कार्यालयातून .३२ चा परवाना झाला आहे, प्रशिक्षणाचा दाखलाही झाला. अडलंय ते हत्यार कोणतं घ्यावं यावर.

अण्णांकडे (वडील) सत्तरच्या दशकात घेतलेलं विलायती .३२ रिव्हॉल्व्हर आहे. अख्खं स्टील, लांब नळी, अक्रोडाची मूठ. ओळखीच्या सराफाकडे काट्यावर ठेवलं तर रिकामं ८४० ग्रॅम भरलं. अण्णांनी सत्तरी ओलांडली असल्याने ते माझ्या नावावर करता येतं, वकिलांशी बोलणं झालंय. दुसरा पर्याय म्हणजे कानपूरचं नवं हलकं, टायटॅनियमचं, अर्ध्या किलोच्या आसपास.

अण्णांचं कमरेला लावून एक दिवस गाळ्यावर बसलो. संध्याकाळी कंबर मोडली आणि मांडीवर वळ उठला. मेहुणे म्हणतात हलकंच घे. अण्णा म्हणतात, "खेळणं घ्यायचं असेल तर जत्रेत मिळतं." तुमचं मत सांगा.

सिडकोचा_शेर

भाऊ, दोन्ही सोडा, ग्लॉक पिस्तूल घ्या. प्लास्टिक बॉडी, १७ राउंड, वजन काहीच नाही. दुनिया कुठे चालली आणि आपण अजून अक्रोडाच्या मुठीत.

भगूरचा_आर्मरर (निवृत्त)

शेर, ग्लॉक १७ हे ९ एमएमचं. आपल्या कायद्यात ९ एमएम म्हणजे प्रतिबंधित बोअर (नळीच्या छिद्राचं माप). साध्या नागरिकाला सहसा मिळतं ते .३२ किंवा .२२. आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून विलायती हत्यारांची खासगी आयात जवळपास बंदच आहे, म्हणून तर जुन्या जर्मन वॉल्थर पिस्तुलाला लोक लाखांनी पैसे मोजतात. व्हिडिओ अमेरिकेतल्या माणसाचा बघायचा आणि परवाना निफाड तालुक्यातला, हे जमत नाही.

आता गाळेवाले भाऊ. मी फौजेत आर्मरर होतो, हत्यारं दुरुस्त करण्यात नोकरी गेली, शेवटची पोस्टिंग देवळालीत. भगूरला घर बांधलं आणि इथलाच झालो. तुमचा प्रश्न आला की सगळे वजनावर बोलतात. माझं म्हणणं वेगळं आहे. तुमच्या मांडीवर वळ उठला तो वजनाने नाही, लांबीने. मांडी घालून बसलं की कमरेपासून जांघेपर्यंत वीतभरसुद्धा जागा उरत नाही. लांब नळी तिथे खाली टेकते, टेकली की मूठ वर बरगडीत घुसते. तेच ८४० ग्रॅम आखूड नळीत असते तर तुम्ही दिवसभर बसला असता आणि इथे लिहायला आला नसता. कंबर मोडली त्याचं कारण पट्टा. पॅन्टचा नेहमीचा मऊ पट्टा लावला होता ना? तो एका बाजूला लोंबतो आणि माणूस दिवसभर नकळत दुसऱ्या बाजूला कलून बसतो. दीड इंच रुंदीचा, दुहेरी चामड्याचा, न वाकणारा पट्टा घ्या. भद्रकालीत चामड्याचं काम करणारे आहेत, माप देऊन शिवून घ्या.

फौजेत आमच्याकडे १ए पिस्तूल असायचं, ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं. मूळ अमेरिकी हत्यार-रचनाकार ब्राउनिंग यांचं डिझाइन. ब्राउनिंग १९२६ साली गेले, काम त्यांच्या हाताखालच्या सेव्ह यांनी पुरं केलं आणि १९३५ मध्ये ते बाजारात आलं. १३ राउंड, स्टील, रिकामं सुमारे ९०० ग्रॅम. वजनाची तक्रार घेऊन माझ्याकडे कुणी अधिकारी आला नाही, कारण ते रुंद, जाड कापडी पट्ट्यावर, उघड्या होल्स्टरमध्ये (हत्याराच्या म्यानात), उभ्या माणसाच्या कमरेला असायचं. तुम्हाला तसं बांधता येणार नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यार अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं हवं. शर्टाखाली, नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात, मांडी घालून. फौजी माणसाचा सल्ला म्हणूनच तुम्हाला लागू पडत नाही, माझासुद्धा गाळून घ्या.

हलक्याबद्दल. कानपूरचं ते टायटॅनियमचं, म्हणजे निर्भीक, २०१४ साली आलं तेव्हा किंमत १,२२,३६० रुपये होती, वजन ५०० ग्रॅमच्या आसपास. गोळी तीच, बारूद तीच, म्हणजे मागे येणारा धक्का हत्याराच्या वजनाच्या उलट प्रमाणात. ८४० वरून ५०० वर आलात की दणक्याची ऊर्जा दोन तृतीयांशाने वाढते. ऐकायला भयंकर वाटतं, पण .३२ चा दणका मुळातच माफक आहे. ९ एमएमच्या गोळीत याच्या तिप्पट जोर असतो. तेव्हा धक्क्याला घाबरून हलकं नाकारू नका. नाकारायचं तर दुसऱ्या कारणाने, ते खाली सांगतो.

गंजाचं आधी सांगतो, कारण ते कुणी विचारत नाही. अण्णांचं निळ्या पॉलिशचं स्टील आहे. घामाने त्यावर तांबूस ठिपके पडायला एक उन्हाळी दुपार पुरते. आमच्याकडे पावसाळ्यात इगतपुरी-घोटी भागातली हत्यारं यायची. बाहेरून चकचकीत, आणि मुठीची लाकडी फळी काढली की आत बाजरीच्या पिठासारखा लाल भुगा. रोज रात्री तेलाचा बोळा फिरवायचा, मुठीचे स्क्रू अधूनमधून काढून आत बघायचं. आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात कधीच ठेवायचं नाही, कमावलेल्या चामड्यातले क्षार ओल धरतात. टायटॅनियमला गंज लागत नाही हे खरं, पण आतल्या स्प्रिंगा आणि पिना स्टीलच्याच असतात. "याला गंजच नाही" म्हणून लोक उघडूनच बघत नाहीत.

दहामीटर_ताई

काकांनी हलक्याचं दुसरं कारण पुढे सांगतो म्हटलं आणि विसरले, तोपर्यंत मी सांगते. मी एअर पिस्तूल शिकवते, गंगापूर रोडला.

आमच्या दहा मीटरच्या पिस्तुलाचं वजन नियमाने जास्तीत जास्त १५०० ग्रॅम आणि चाप कमीत कमी ५०० ग्रॅमचा. म्हणजे हत्यार जड, चाप मऊ. खिशातल्या रिव्हॉल्व्हरचं नेमकं उलटं असतं. घोडा न चढवता थेट चाप ओढला तर बोटाला चार-पाच किलोचा जोर लावावा लागतो, आणि ज्याला ओढायचं ते हत्यार अर्ध्या किलोचं. बोटाने चाप मागे यायच्या आधी नळीच बाजूला जाते. नवीन मुलांचे नेम उजव्या हाताला असतील तर खाली डावीकडे जातात ते याचमुळे. दणका गोळी सुटल्यावर येतो, नेम त्याआधीच चुकलेला असतो. जड हत्यार स्वतःच्या वजनाने हा ओढा पचवतं.

आखूड मुठीचंही असंच. करंगळीला जागा नसली की ती हवेत राहते आणि सगळी पकड दोन बोटांवर येते. दुकानात हातात घेऊन बघा, करंगळी टेकते का. दादा, तुमचा पंजा मोठा असेल तर सुंदर दिसणारं छोटं हत्यार तुमच्या कामाचं नाही.

भगूरचा_आर्मरर (निवृत्त)

ताई, विसरलो नव्हतो, जेवायला उठलो होतो. पण तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत. चापाचं हेच कारण.

सातपूर_फॅब्रिकेशन

माझ्याकडे हलकं आहे, तीन पावसाळे झाले. खरं सांगू, बाळगायला स्वर्ग. ॲक्टिव्हावर बसा, गाडीत बसा, वर्कशॉपमध्ये वाका, आहे याची आठवण राहत नाही. पण रेंजवर पहिल्या वेळी सात पावलांवरचा कागद वाचवायचाच असं ठरवून मारल्यासारखं झालं. सराव केला तेव्हा जमलं. ज्याला सराव करायचा नाही त्याने हलकं घेऊ नये. वजन नसल्याने चूक लपत नाही.

आणि मेहुणे म्हणतात म्हणून काहीच घेऊ नका, हा माझा अनुभव हत्यारांपलीकडचा आहे.

सिडकोचा_शेर

बरं, ग्लॉक नाही तर नाही. मग दोन्ही का ठेवत नाहीत? कायद्यात दोन चालतात ना?

भगूरचा_आर्मरर (निवृत्त)

चालतात. २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन चालायची, आता दोन. पण परवान्यावर मिळणाऱ्या काडतुसांची संख्या ठरलेली असते. त्यातली अर्धी एकावर, अर्धी दुसऱ्यावर, म्हणजे हात कशालाच बसत नाही. दोघांचा चाप वेगळा, मूठ वेगळी. ऐन वेळी हाताने कालचं हत्यार शोधलं तर?

गाळेवाले भाऊ, माझा सल्ला तिसराच आहे. ८४० नको, ५०० नको. स्टीलचं, आखूड नळीचं, ७०० ग्रॅमच्या आसपासचं घ्या. कानपूरचं साधं .३२ त्याच वजनाचं आहे. प्रबळ नावाचं .३२ रिव्हॉल्व्हर २०२३ मध्ये आलं तेही त्याच वजनाच्या आसपास, नळी ७६ मिलिमीटर आणि गोळ्यांचं चक्र बाजूला उघडणारं. त्याच्या जाहिरातीत ५० मीटरचा पल्ला लिहितात, तो वाचून खूश होऊ नका. गाळ्याच्या गादीपासून शटरपर्यंत अंतर किती? तेवढाच तुमचा पल्ला. तिथे लांब नळीचा फायदा दिसतच नाही, तोटा मात्र रोज मांडीवर दिसतो. वजन थोडं असू द्या, ते चापाला कामी येतं. कापायची ती लांबी कापा.

अण्णांचं विकू नका. त्यांच्या नावावर आहे तोवर राहू द्या. विलायती आता मिळत नाही.

गाळेवाला_पिंपळगाव

काका, ताई, सगळ्यांचे आभार. करंगळी टेकते का ते बघायला उद्याच जातो. दोन शंका उरल्या. एक, गाळ्यावर बसताना काढून गल्ल्यात ठेवलं तर चालेल का? सगळे तेच करतात. दुसरं, माझा माल सापुताऱ्यामार्गे सुरतला जातो, कधीकधी मीही ट्रकबरोबर जातो.

भगूरचा_आर्मरर (निवृत्त)

गल्ल्यात अजिबात नाही. तुम्ही पावती फाडायला उठलात, हमाल आत आला, शाळेतून पोरगं आलं, गल्ला उघडा. हत्यार एक तर अंगावर, नाहीतर घरच्या कुलुपात. चाव्यांचा जुडगा असलेल्या खिशातही नाही. चापावर होल्स्टरचं पूर्ण झाकण हवं. होल्स्टरवर पैसे वाचवू नका. इथे हलकं-जड वाद घालणारे शंभर भेटतील आणि त्यातल्या निम्म्यांचं होल्स्टर अडीचशे रुपयांचं असतं.

सापुताऱ्याचं असं की परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते आज रात्री वाचा. नुसतं महाराष्ट्र असेल तर सापुताऱ्याच्या नाक्यापलीकडे तुमचं हत्यार बेकायदा, मग वजन ५०० असो की ८४०. सुरतला वारंवार जाणं असेल तर क्षेत्र वाढवून घेण्याचा अर्ज कारणासकट द्या.

सातपूर_फॅब्रिकेशन

आणि आचारसंहितेत जमा करायला सांगितलं तर पोलीस ठाण्यात पावतीवर हत्याराचा नंबर लिहून घ्या, नुसतं "एक रिव्हॉल्व्हर" नको. जमा करण्याआधी तेलाचा हात मारून द्या. परत मिळेपर्यंत महिना-दोन महिने जातात आणि मालखान्यात कुणी ते पुसणार नाही.