'टँक' नक्की कुणाचा?

कातळकोरीव:
इंग्रजीतला 'टँक' आपल्याकडून गेलाय, असं माझं सरळ म्हणणं आहे. सतराव्या शतकात सुरतेला वखार टाकून बसलेल्या इंग्रजांच्या कानावर गुजराती 'टांकूं' आणि मराठी 'टाकें' पडलं, त्यांनी ते उचललं. अहमदाबादच्या पोळांतल्या, म्हणजे जुन्या दाट मोहल्ल्यांतल्या, घरांत चौकाखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी आहेत. आपण तर गड चढून गेलो की आधी टाकं शोधतो. शिवनेरीची गंगा-जमुना टाकी कुणाला माहीत नाहीत? भारतातल्या इंग्रजीत टँक म्हणजे पत्र्याचं पिंप नव्हे, चक्क तलाव. मुंबईचा गवालिया टँक घ्या, सी. पी. टँक घ्या, हैदराबादचा टँक बंड घ्या. तरी काही कोश श्रेय पोर्तुगीज 'तांके'ला का देतात?

मांडवीकाठ:
पुरावा आहे म्हणून! वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीची रोजनिशी आहे. त्यात कालिकतच्या एका देवळाजवळच्या घडीव दगडाच्या मोठ्या तळ्याला 'तांके' म्हटलंय, आणि असली बरीच वाटेत पाहिली असंही लिहिलंय. शब्दाचा अर्थ सांगायची गरज लिहिणाऱ्याला वाटलेली नाही. मलबारात नुकता उतरलेला माणूस गुजराती शब्द इतक्या सहज कुठून वापरेल? शब्द लिस्बनहून गलबतातूनच आला. लॅटिन 'स्टॅग्नम', म्हणजे साचलेलं पाणी, याच्याशी त्याचं नातं लावतात.

कातळकोरीव:
आणि गलबताला वाट कोण दाखवत होतं? आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून घेतलेला वाटाड्या गुजरातचा होता, असं बारोश हा पोर्तुगीज इतिहासकारच लिहून गेलाय.

मांडवीकाठ:
वा! म्हणजे तीन आठवडे भर समुद्रात तो वाटाड्या त्यांना तळ्यांच्या गोष्टी सांगत होता?

तिरकस:
तुम्ही उगमाशी भांडा, मला पुढची वळणं जास्त आवडतात. १९१५ मध्ये ब्रिटिशांनी चिलखती रणगाडा गुपचूप बनवायला घेतला. इंग्लंडमधल्या लिंकन शहरातल्या कारखान्यात बोलवा अशी, की मेसोपोटेमियातल्या फौजेसाठी पाणी वाहून न्यायच्या गाड्या बनताहेत. 'वॉटर कॅरियर' हे नाव जवळजवळ ठरलं होतं, पण त्याची आद्याक्षरं 'डब्ल्यू. सी.', म्हणजे संडास, होतात हे लक्षात आल्यावर 'टँक' पुढे आला, असा किस्सा सांगतात. रवाना करताना वर रशियन अक्षरांत पेट्रोग्राडचा पत्ता रंगवला. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत हे धूड चिखलातून पुढे आलं, आणि थापेसाठी घेतलेलं नाव कायमचं चिकटलं. बिनबाह्यांचा 'टँक टॉप' मात्र पोहण्याच्या तलावावरून आलाय, कारण त्यालाही अमेरिकेत टँक म्हणत. सिनेमा 'टँक झाला' म्हणजे पडला, हे वेगळंच.

शब्दखोर:
धागाकर्त्यांनी एक महत्त्वाचा मुद्दा सोडलाय. संस्कृत 'टंक' म्हणजे दगड फोडायची छिन्नी, आपली टाकी. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही" मधली. टाकीने खोदलं ते टाकं. शब्दाची घरचीच सोय लागते, लॅटिनकडे कशाला जायचं?

मांडवीकाठ:
ऐकायला गोड आहे. पण कान्हेरीच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत कातळात खोदलेल्या याच पाणसाठ्यांना 'पोढी' म्हटलंय, टाकं नव्हे. छिन्नी तेव्हाही होतीच की!

शब्दखोर:
पोढी होती म्हणून टाकं नव्हतं, हा कुठला न्याय? आज विहीर, आड, बारव सगळे एकाच गावात नांदतात.

कातळकोरीव:
+१. शिवाय राजस्थानच्या वाळवंटातही 'टांका'च म्हणतात. पोर्तुगीज थरच्या वाळवंटात कधी पोचले होते?

चौकस:
भारतातल्या इंग्रजीतल्या शब्दांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात यूल आणि बर्नेल यांनी याला दुहेरी उगमाचा, बुचकळ्यात टाकणारा शब्द म्हटलंय. एक धार इथली, एक युरोपातली, आणि दोन्ही पश्चिम किनाऱ्यावर एकमेकींत मिसळल्या. मला हेच पटतं. उच्चार जुळला, वस्तूही जुळली, मग कोण कुणाकडून शिकलं हे बोलणाऱ्यांनाही कळलं नसेल.

कातळकोरीव:
हा तडजोडीचा निकाल झाला. यूलसाहेबांनी थरचा टांका पाहिला असता तर असं लिहिलं नसतं.

मांडवीकाठ:
आणि तुम्ही रोजनिशीतलं ते पान मुळातून वाचलं असतंत तर हा धागा काढला नसता. शोधून इथेच डकवतो, थांबा.