मुरूम हा 'रूपांतरित खडक' का नाही?

दारव्ह्याहून: पुतणी सहावीत आहे. रूपांतरित खडकाचं उदाहरण म्हणून तिनं 'मुरूम' लिहिलं, बाईंनी फुली मारली. पोरगी भांडतीये, "काका, काळ्या गोट्याचाच मुरूम होते ना? मंग रूपांतर नाही झालं का?" मला तर तिचंच पटलं.

वणीहून: नेहमीच्या बोलण्यात पटण्यासारखंच आहे. पण भूगोलातला 'रूपांतरित' फार मोजका शब्द आहे. जमिनीत खोलवर उष्णता आणि दाब सोसून, न वितळता, ज्याचे कण नव्याने जुळले तोच रूपांतरित. चुनखडकाचा संगमरवर होतो तसा. मुरमाचं उलटं. वरून पाणी, हवा, मुळं शिरतात आणि खडक सैल पडतो. त्याला शब्द 'विदारण'. 'विदारक' दृश्य म्हणतो ना, त्यातलंच हे फाडणं.

दारव्ह्याहून: विदारण! आमचे विहीर खोदणारे सरळ "गोटा सडला" म्हणतात.

वणीहून: माझ्या मते तोच शब्द सरस. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मामांच्या विहिरीत पाहिलं. वर काळी माती, मग चुनखडी मिसळलेली पिवळी, मग मुरूम. मुरमात भोपळ्याएवढे गोल गोटे. सब्बल मारली की कांद्यासारखे पापुद्रे सुटायचे आणि आत निळसर काळा गाभा, त्यावर सब्बल ठणकन उडायची. खडकाला भेगा असतात. चौकोनी तुकड्याच्या कोपऱ्यांना पाणी दोन-तीन बाजूंनी लागतं, म्हणून आधी कोपरे सडतात आणि उरतो तो गोल. हा गाभा म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट, म्हणजे अग्निजन्य. (आमच्या वणीचा कोळसा त्याहून कितीतरी जुना, आणि तो गाळाच्या थरांतला.)

साकोलीहून: खरा रूपांतरित पाहायचा तर आमच्या भंडाऱ्याकडे किंवा गडचिरोलीत या. नाईस नावाच्या रूपांतरित खडकात फिक्या-गडद पट्ट्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. बाकी लिहिताना एक सांभाळा: मुरूम, पण 'मुरमाचा', 'मुरमाड'. 'मुरूमाचा' नको. आणि मुरमाड म्हणजे बरडच असं नाही. बरडात मातीच कमी असते, पीक लवकर वाळतं.

दारव्ह्याहून: पुतणीला वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न: सडून सडून मुरमाची काळी माती झाली, तर तिला खडक म्हणायचं की नाही? उद्या बाईंना विचारणार आहे म्हणे.