स्पेक्ट्रम ४८केला एवाय चिप जोडली, पण सूर स्थिर राहत नाही

रबरी_कळा

मंडळी, माझ्याकडे झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के हा जुना घरगुती संगणक आहे, इश्यू ३बी (मदरबोर्डची आवृत्ती). त्यात आवाजाची वेगळी चिप नसतेच. यूएलएच्या (पडदा आणि इतर जोडण्या सांभाळणारी चिप) २५४ नंबरच्या पोर्टवरचा एक बिट खालीवर करून भोंगा वाजवायचा, एवढाच कारभार. मला १२८के या नंतरच्या मॉडेलसारखे तीन चॅनेल हवे होते, म्हणून मागच्या एज कनेक्टरवर बसणारं बोर्ड स्वतःच सोल्डर केलं. त्यावर एवाय-३-८९१२ ही आवाजाची चिप आहे. डीकोडिंगला (पोर्टचा नंबर ओळखायला) ७४ सिरीजचे साधे गेट, पोर्ट १२८केचेच: ६५५३३ वर रजिस्टर निवडायचं, ४९१४९ वर किंमत लिहायची. क्लॉक म्हणून कनेक्टरवरचाच सीपीयूचा ३.५ मेगाहर्ट्झ घेतला आणि ७४एचसी७४ या फ्लिप-फ्लॉपने निम्मा केला.

वाजतंय. पण बेसिकमधून नुसता एक स्वर धरून ठेवला तरी तो खरखरतो:

आउट ६५५३३,७: आउट ४९१४९,६२
आउट ६५५३३,८: आउट ४९१४९,१५
आउट ६५५३३,१: आउट ४९१४९,०
आउट ६५५३३,०: आउट ४९१४९,२५२

१.७५ मेगाहर्ट्झला भागिले १६, भागिले २५२, म्हणजे ४३४ हर्ट्झ यायला हवेत. फोनवरच्या ट्यूनरचा काटा त्याच्या खालीच घुटमळतो आणि एका जागी थांबत नाही. एखादी धून लावली आणि पडद्यावर काही हललं की सूर आणखी उतरतो. दुसरी ८९१२ लावून पाहिली, तेच. चिपच्या पायांवर ४.९५ व्होल्ट मिळतायत, शेजारी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे. आता कुठे बघू?

भोंगाप्रेमी

आधी एक टोमणा: एका बिटातून लोकांनी काय काय काढलंय ते ऐका, मग चिप लावा. चिप लावलेलं स्पेक्ट्रम म्हणजे अर्धं स्पेक्ट्रम.

आता कामाचं. मशीनमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मूळचेच असतील तर सगळे बदलून टाका. ७८०५ (पाच व्होल्टचा रेग्युलेटर) किती तापतो तेही बघा. खरखर म्हटली की माझा पहिला संशय पॉवरवर.

तांब्याची_तार

कपॅसिटर चाळीसेक वर्षांचे झालेत, बदलायचे तर खुशाल बदला. पण हा रोग तिथला नाही. चिपही ठीक आहे आणि तुमचं डीकोडिंगही ठीक आहे, नाहीतर स्वर वाजलाच नसता. गडबड क्लॉकची आहे.

४८केमध्ये १६३८४ ते ३२७६७ हा मेमरीचा भाग यूएलए आणि झेड८० (म्हणजे सीपीयू) दोघांना लागतो, कारण पडद्याचं चित्र तिथेच राहतं. यूएलए चित्र काढत असताना झेड८०ने त्या भागात हात घातला, की यूएलए त्याला थांबवतो. थांबवण्याची पद्धत अगदी रांगडी: सरळ सीपीयूचा क्लॉकच रोखून धरायचा. झेड८०चं त्यात काही बिघडत नाही, तो वाट बघतो. पण तुमच्या एवायला तोच क्लॉक दिलाय. क्लॉक अडखळला की तिचे मोजणारे काउंटर अडखळतात आणि सूर उतरतो.

आणि हे सतत होत नाही. एका फ्रेममधल्या ३१२ रेषांपैकी चित्राच्या १९२ रेषांमध्येच ही अडवणूक चालते, बॉर्डर काढताना क्लॉक मोकळा असतो. म्हणजे सेकंदाला पन्नासदा सूर उतरतो आणि पुन्हा चढतो. तंबोऱ्याची खुंटी कुणीतरी त्या वेगाने पिळत बसावं, तशातला प्रकार. कानाला ते खरखर म्हणूनच ऐकू येतं. बेसिकमध्ये तर सुटकाच नाही, कारण सिस्टिम व्हेरिएबल आणि तुमचा प्रोग्राम दोन्ही त्याच भागात राहतात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा. आधी 'क्लिअर २९९९९' करा. वरच्या चार ओळी देऊन स्वर लावा. मग:

पोक ३२७६८,२४३: पोक ३२७६९,२४: पोक ३२७७०,२५४
रँडमाइझ यूएसआर ३२७६८

२४३ म्हणजे इंटरप्ट बंद, २४ आणि २५४ म्हणजे जागच्या जागी उडी. झेड८० वरच्या ३२केमध्ये गोल फिरत राहतो, पडद्याच्या मेमरीला शिवत नाही. ब्रेक चालणार नाही, मशीन बंद करूनच बाहेर पडावं लागेल. पुन्हा चालू करून हेच तीन बाइट ३०००० पासून, म्हणजे अडवणुकीच्या भागात, टाका आणि ऐका.

उपाय सोपा आहे. सीपीयूच्या क्लॉकची तार कापा आणि बोर्डावर स्वतंत्र ऑसिलेटर बसवा. एवायला बसशी बोलायला सीपीयूचाच क्लॉक लागतो असं काही नाही, बीडीआयआर आणि बीसी१ हे तिचे लिहा-वाचाचे सिग्नल वेळेवर मिळाले की झालं. १२८केमध्येही चिपला १.७७३४ मेगाहर्ट्झचा अखंड क्लॉक मिळतो. तुमचा ७४एचसी७४ तसाच वापरा: ६ नंबरचा पाय २ ला, ऑसिलेटर ३ वर, ५ वरून एवायला, १ आणि ४ पाच व्होल्टला. उरलेल्या अर्ध्या भागाचे १०, ११, १२, १३ हे इनपुट हवेत लोंबकळू देऊ नका.

दुहेरी_एन्व्हलप

+१. यूएलए दोषी आहे.

पुढे कुणी ४० पायांची चिप घेऊन हा धागा वाचेल, त्याच्यासाठी दोन गोष्टी. यामाहाची वायएम२१४९ लावलीत तर २६ नंबरचा पाय ग्राउंड करा, ती क्लॉक स्वतःच आतल्या आत निम्मा करते, ७४एचसी७४ची गरज उरत नाही. एवाय-३-८९१० मध्ये तोच पाय टेस्टचा आहे, तो मोकळा सोडायचा.

दुसरं, जुन्या चिपांवरची अक्षरं घासून नवी छापलेली सर्रास सापडतात. वरच्या छपाईवर जाऊ नका, रजिस्टरला विचारा:

आउट ६५५३३,१: आउट ४९१४९,२५५: प्रिंट इन ६५५३३

त्या रजिस्टरचे चारच बिट कामाचे. एवाय १५ सांगते, वायएम २५५ सांगते. अर्थात तुमच्या बोर्डावर वाचण्याचं डीकोडिंग असायला हवं. वायएम आली म्हणून रडायचं कारण नाही, तिच्या एन्व्हलपला (आवाजाच्या चढ-उताराला) १६ ऐवजी ३२ पायऱ्या असतात, उतरता आवाज जास्त गुळगुळीत येतो.

रबरी_कळा

तार काका, ३२७६८ वर स्वर एकदम स्वच्छ! ट्यूनर ४३४ वर खिळला. ३०००० वर टाकल्याबरोबर सूर धाडकन खाली आणि वर घरघर. इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं. आता क्रिस्टल शोधतोय. खोक्यात ३.५७९५४५ आणि ४.४३३६१९ मेगाहर्ट्झचे असे दोन आहेत. कुठला चालेल? आणि स्टीरिओ करायचा तर मधला चॅनेल कोणता धरू? आकृत्यांमध्ये एकवाक्यता नाही.

तांब्याची_तार

३.५७९५४५ घ्या. निम्मा केल्यावर १.७८९८ होतो, १२८केपेक्षा साधारण १६ सेंट चढा, म्हणजे अर्ध्या स्वराचा सहावा हिस्सा. दुसरं वाद्य सोबत वाजवत नसाल तर कळणारही नाही.

४.४३ नको. निम्मा करून २.२१७ येतो आणि एवायची मर्यादा २ मेगाहर्ट्झची. शिवाय तो १२८केच्या क्लॉकच्या बरोबर सव्वापट पडतो, म्हणजे षड्ज लावायला जाल आणि शुद्ध गंधार वाजेल. गंमत म्हणून एकदा ऐकायला हरकत नाही.

स्टीरिओत दोन घराणी आहेत. एक एबीसी, म्हणजे बी मधोमध. दुसरं एसीबी, सी मधोमध. धून कुणाकडची आहे त्यावर ठरतं, म्हणून मी बी आणि सी एका दुहेरी स्विचवर घेतलेत. ८९१२ वर ए ५ नंबरच्या पायावर, बी ४ वर आणि सी १ वर मिळेल. मधला चॅनेल दोन्ही बाजूंना एकेका रेझिस्टरमधून द्या, थेट जोडलात तर डावं-उजवं एक होऊन बसेल.

भोंग्याचा आवाज यात आपोआप मिसळत नाही. तो माइक सॉकेटवरून वेगळा घ्यावा लागतो, नाहीतर ४८केचे बहुतेक गेम मुके वाटतील. आणि बोर्ड काढताना-घालताना मशीन बंद हवं. चालू असताना कनेक्टर जरा तिरका झाला, की आधी खालची मेमरी जाते.

भोंगाप्रेमी

भोंगा मिसळा म्हणालात, तेवढ्यावर माझा राग गेला.