‘कालिया मर्दन’ला पेटी-तबल्याची साथ कशी द्यावी?

मांजराकाठचा: अंबाजोगाईत दादासाहेब फाळक्यांचा मूकपट ‘कालिया मर्दन’ (१९१९) दाखवायचाय. साथीला पेटी आणि तबला, दोघंही भजनी मंडळातले. संबळही मिळतोय. कृष्ण डोहात नागाशी झुंजतो तिथं लय वाढवत नेली की सगळा विचका व्हायलाय. काय करावं?

खर्जपंचम: आधी फाईलचा वेग बघा. माणसं तुरुतुरु पळत असतील तर सेकंदाला १६-१८ फ्रेमनं घेतलेलं चित्र २४ नं धावतंय. प्लेअरचा वेग ०.७५ केला की १८ होतात, ०.६७ ला १६. हे आधी नाही केलं तर तालीम वाया.

झुंजीत चित्र पाण्याखाली आणि काठावर असं आलटून पालटून जातं. दर वेळी चाल बदलू नका, ठेका एकच ठेवा. पाण्याखाली पेटी खर्जात (खालच्या सप्तकात), डग्ग्याला घुमारा. काठावरची माणसं दिसली की तीच सुरावट मध्य सप्तकात, भाता हलका. ठेका ऐकू येतोय तोवर खाली झुंज चालूच आहे हे कानाला कळतं. जीव टांगणीला लागतो तो त्यानं.

केरवा (आठ मात्रांचा ठेका) मिनिटाला ८० मात्रांनी धरा. दुगुन (दुप्पट लय, म्हणजे १६०) एकदाच, शेवटच्या झटापटीला. पहिल्याच मिनिटात दुगुन लावली की पुढं चढायला जागा राहत नाही. तुमचं बहुतेक तेच होतंय.

डग्गा_परभणी: तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येणं) सांभाळा बरं. १६० च्या लयीत आठ मात्रांची तिहाई तीन सेकंद खाते, आणि चित्र समेसाठी थांबत नाही. कागदावर तीन रकाने पाडा: वेळ, पडद्यावर काय दिसतं, काय वाजवायचं. कृष्ण फण्यावर दिसण्याच्या तीन सेकंद आधी पडद्यावर जे असेल, तीच तिहाईची खूण. अमेरिकेत एडिसन कंपनी १९०९ पासून प्रसंगवार संगीत सुचवणाऱ्या अशा याद्या छापायची.

संबळ बंद हॉलमध्ये पेटीला गिळतो. फण्यावरच्या नाचापुरताच घ्या. आधी वाजला तर लोकांना देवीचा गोंधळ आठवणार.

मांजराकाठचा: सुरुवातीला कृष्ण झालेली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी नुसते चेहऱ्यावरचे भाव दाखवते, तिथं?

खर्जपंचम: तबला बंद. षड्ज (सा) धरून ठेवा, भाव बदलला की त्यावर एकच स्वर बदला. रागावण्याला कोमल रिषभ, हसण्याला शुद्ध गंधार. अन् ओळखीच्या गवळणीची चाल कुठंच नको, लोक मनात शब्द म्हणत बसतात. पडद्यावर मजकुराची पाटी आली की आवाज खाली घ्या, बंद करू नका.