‘लेटन्सी’ म्हणजे ‘विलंब’ का?

मुक्ता: जीपीयूच्या (ग्राफिक्स प्रोसेसरच्या) चिपवरच्या नेटवर्कबद्दल अभियांत्रिकीच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. ‘लेटन्सी’ला, म्हणजे विनंती पाठवल्यापासून डेटा हाती येईपर्यंतच्या वेळेला, ‘विलंब’ लिहिलं, ते तपासणाऱ्यांनी खोडलं. त्यांचं म्हणणं, विलंब म्हणजे ठरल्यापेक्षा उशीर. लेटन्सी तर वाट मोकळी असतानाही असतेच. अडलेलं वाक्य: ‘कोअरने मेमरीला पाठवलेली वाचनाची विनंती छोटी, परत येणारा डेटा मोठा, म्हणून कोंडी परतीच्या वाटेवर होते आणि विलंब वाढतो.’ काय लिहू?

रानवाट: ‘प्रवासकाल’. अर्थ लगेच कळतो.

सर्किट: नाही चालणार. एनव्हिडियाच्या ए१०० जीपीयूमध्ये १०८ एसएम, म्हणजे कोअरचे गट, आणि मेमरीची ने-आण सांभाळणारे मेमरी कंट्रोलर १०. कॅशमध्ये (चिपवरच्या छोट्या, वेगवान साठ्यात) न सापडलेलं सगळं त्या दहांतूनच यायचं, म्हणजे रांग लागणारच. रांगेत उभं राहणं हा प्रवास नव्हे, पण लेटन्सीत तेही मोजतात. सरळ ‘लेटन्सी’ लिहा, मुलं मुलाखतीत तेच बोलणार आहेत.

भाषाव्रती: प्रत्येक वेळी हेच ऐकायचं! ‘आर्बिटर’ला मी ‘लवाद’ लिहितो. दोन पॅकेटं एकाच वेळी राउटरच्या एकाच दाराशी आली तर आधी कोणाला सोडायचं, हे तोच ठरवतो. कुणाचं अडलं? लेटन्सीला ‘प्रतीक्षा’ लिहा.

सर्किट: पण जीपीयू प्रतीक्षा करत बसतच नाही. एक वार्प, म्हणजे एकत्र चालणाऱ्या ३२ थ्रेडचा गट, डेटासाठी अडला की दुसरा कामाला लावतो. लेटन्सी तेवढीच राहते, फक्त झाकली जाते.

इचलकरंजीकर: वार्प हा मूळचा मागावरचा शब्द! एनव्हिडियाच्या प्रोग्रामिंग मार्गदर्शिकेतही तसं म्हटलंय. आमच्या घरी यंत्रमाग होते. उभं सूत ते ताणा, आडवं ते बाणा. थ्रेडला धागा म्हणता, मग ३२ धाग्यांच्या वार्पला ‘ताणा’ का नको?

रानवाट: ताणा म्हणजे मागावरचं सगळं उभं सूत. ३२ धाग्यांची फार तर ‘लड’ म्हणा.

इचलकरंजीकर: लड गुंडाळलेल्या सुताची असते. वार्पमधले धागे एकाच आज्ञेवर बरोबरीने चालतात, लडीत तसं काही नसतं.

भाषाव्रती: ताणा आला ‘तन्’वरून, ताणणे या अर्थी. बाणा ‘वे’ म्हणजे विणणे यावरून असणार. ‘मराठी बाणा’तला बाणा याहून निराळा वाटतो.

मुक्ता: लेटन्सीचं राहिलंच. ‘लागणारा वेळ’ लिहिलं तर?

सर्किट: कोणाला लागणारा? एका पॅकेटला की अख्ख्या कर्नलला, म्हणजे जीपीयूवर चालणाऱ्या प्रोग्रामला? तिथेच मुलं गोंधळतात.

रानवाट: एएमडी या दुसऱ्या जीपीयू कंपनीवाले वार्पला वेव्हफ्रंट म्हणतात. मग तिथेही ताणाच लिहायचा का?