'फेडरल प्रॉसिक्युटर' आणि 'डीए' : दोघेही सरकारी वकीलच का?

डेलावेअरकाठी
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या बंदुकीच्या गुन्ह्यांवर लेख लिहिते आहे. इथले डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी (डीए, म्हणजे शहरातले खटले चालवणारे सरकारी वकील) लॅरी क्रॅस्नर आणि २०१८ ते २०२१ या काळात इथे फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय सरकारचे वकील (यूएस अ‍ॅटर्नी) असलेले विल्यम मॅक्स्वेन यांचं उघड वाजलं होतं. १४ ऑगस्ट २०१९ रोजी नाइसटाउन-टिओगा भागात एका बंदूकधाऱ्याने सहा पोलिसांना जखमी केलं. दुसऱ्याच दिवशी मॅक्स्वेन यांनी पत्रक काढून त्याचं खापर क्रॅस्नर यांच्या धोरणांवर फोडलं. हे लिहिताना वाक्य झालं, 'सरकारी वकिलांनी सरकारी वकिलांवर टीका केली.' संपादकांनी ते बदलून 'केंद्रीय अभियोक्ता' आणि 'जिल्हा अभियोक्ता' केलं. 'केंद्रीय' मला खटकतं आणि 'अभियोक्ता' माझ्या आईला कळणार नाही. तुम्ही काय लिहाल?

निवृत्त शिरस्तेदार
उभी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या कोर्टांत गेली. 'अभियोक्ता' कोणाच्या तोंडून ऐकला नाही. समोर असले की 'एपीपी (असिस्टंट पब्लिक प्रॉसिक्युटर) साहेब', माघारी 'सरकारी वकील', निकालपत्रात 'सरकार पक्ष'. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत मात्र 'सहायक सरकारी अभियोक्ता' असतं. त्या परीक्षेतून आलेली मुलंसुद्धा घरच्या पत्रिकेवर सरकारी वकील असंच छापतात.

अक्षरवेल
पत्रिकेवर काय छापतात यावर भाषा ठरवायची का? 'अभियोक्ता' नितळ शब्द आहे. अभि + युज्, म्हणजे एखाद्यावर आरोप जोडणारा. 'वकील' अरबी, 'फिर्याद' फारसी. 'महापौर' शब्द सावरकरांनी दिला तेव्हाही लोकांना जडच वाटला असणार, आज कोणी 'मेयर' म्हणत नाही. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही, ताई. संपादकांचं ऐका.

पाटणकरीण
फारसी म्हणून 'फिर्याद' टाकायची तर 'जमीन', 'बाजार' आणि 'कागद'ही टाका. फिर्याद म्हणजे मुळात मदतीसाठी मारलेली हाक. आमच्या गावात अजून 'फिर्याद द्यायला गेला' म्हटलं की तो माणूस ठाण्याच्या पायरीवर उभा दिसतो. अभियोगात मला कोणीच दिसत नाही.

अक्षरवेल
पण 'फिर्यादी' प्रॉसिक्युटरसाठी चालणारच नाही. फिर्यादी म्हणजे तक्रार देणारा.

पाटणकरीण
चालेल असं मी म्हटलंच नाही.

विधी शाखा, तिसरं वर्ष
नाव काहीही द्या, पण दोघांमधला खरा फरक त्यात दिसला पाहिजे. डीएला शहरातले मतदार दर चार वर्षांनी निवडून देतात. यूएस अ‍ॅटर्नीला राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मान्यता देतं. आपल्याकडे सरकारी वकील निवडणूक लढवत नाही, म्हणून आपल्या शब्दात ही छटाच नाही. क्रॅस्नर आधी आरोपींच्या बाजूने लढणारे वकील होते. कमी शिक्षा मागेन, किरकोळ गुन्ह्यांत जामिनासाठी पैसे मागणार नाही, असं सांगून ते २०१७ मध्ये निवडून आले. मॅक्स्वेन यांना उत्तर द्यायचं होतं ते वॉशिंग्टनला. भांडणाचं मूळ तिथे आहे. 'जिल्हा अभियोक्ता' वाचून वाचकाला आपल्या जिल्हा कोर्टातला नेमलेला सरकारी वकीलच आठवणार. मी 'निर्वाचित जिल्हा वकील' लिहीन.

डेलावेअरकाठी
हे पटलं. आता 'फेडरल'चं सांगा. 'केंद्रीय' म्हटलं की वाचक दिल्ली धरून चालतो.

विधी शाखा, तिसरं वर्ष
'केंद्रीय' नकोच. आपल्या घटनेत 'राज्यांचा संघ' आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं की आपला संघ राज्यांनी आपसांत करार करून बनलेला नाही आणि कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघता येणार नाही. अमेरिकेत राज्य आणि फेडरल सरकार या दोन वेगळ्या सार्वभौम सत्ता मानतात. त्यामुळे एकाच कृत्याबद्दल दोन्ही न्यायालयांत खटला चालू शकतो. २०१९ च्या गॅम्बल खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे ७ विरुद्ध २ मतांनी कायम केलं. आपल्याकडे अनुच्छेद २०(२) मुळे एकाच अपराधासाठी दोनदा खटला चालवून दोनदा शिक्षा देता येत नाही. म्हणून 'संघराज्य सरकारचे वकील'.

निवृत्त शिरस्तेदार
तपास हिसकावण्याची भांडणं आपल्याकडेही आहेत. एल्गार परिषदेचा तपास जानेवारी २०२० मध्ये पुणे पोलिसांकडून केंद्राच्या एनआयए या तपास यंत्रणेकडे गेला, तेव्हा राज्य सरकारने जाहीर नाराजी दाखवली होती. पण तिथे फाइल एका हातातून दुसऱ्या हातात जाते. दोन्ही हातांत एकाच वेळी राहत नाही.

डेलावेअरकाठी
काका, अगदी हेच लेखात आणायचं आहे. मे २०१८ मध्ये पश्चिम फिलाडेल्फियात एका बिअरच्या दुकानदारावर एके-४७ ने गोळी झाडली गेली. तो कायमचा अपंग झाला. डीएच्या कार्यालयाने आरोपीशी गुन्हा कबूल करण्याचा सौदा केला आणि शिक्षा ठरली साडेतीन ते दहा वर्षं. लोक खवळले. मग मॅक्स्वेन यांनी त्याच माणसावर त्याच घटनेसाठी फेडरल खटला भरला. आधार काय, तर दुकान लुटण्याने राज्याराज्यांतल्या व्यापाराला बाधा येते, हा १९४६ चा हॉब्ज कायदा. शिवाय हिंसक गुन्ह्यात बंदूक झाडली तर फेडरल कायद्यात त्याची किमान दहा वर्षं वेगळी, मूळ शिक्षेवर चढवून. फेडरल तुरुंगातून पॅरोलवर, म्हणजे शिक्षा संपण्याआधी, सुटका १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना नाही. त्यामुळे खटला कोण चालवतो यावर माणूस किती वर्षं आत राहणार ते ठरतं.

मला स्वतःला दुकानदाराचं दुःख मोठं वाटतं, आणि तरीही शहराने मत देऊन निवडलेल्या माणसाचा निर्णय वरून असा फिरवला जावा, हे पचत नाही. नाइसटाउनच्या बंदूकधाऱ्याला तर पूर्वी फेडरल न्यायालयातच बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली होती. मग दोष एकट्या डीएचा कसा?

अक्षरवेल
म्हणजे दुकानावर दरोडा पडला होता.

निवृत्त शिरस्तेदार
दरोडा नव्हे. एकटा माणूस दरोडा घालू शकत नाही. पाच किंवा अधिक असामी लागतात. पूर्वी भारतीय दंड विधानात कलम ३९१, आता न्याय संहितेत ३१०. एकट्याने शस्त्र दाखवून लुटलं तर ती जबरी चोरी.

अक्षरवेल
'जबरी'सुद्धा अरबीतूनच आला. आणि वर्तमानपत्रं दोघांनी लुटलं तरी सर्रास 'दरोडा' लिहितात.

निवृत्त शिरस्तेदार
लिहितात, म्हणूनच वाचणाऱ्याला आरोपपत्र कळत नाही. पाचवा आरोपी सिद्ध झाला नाही म्हणून दरोड्याचं कलम गळून पडलेले खटले मी पाहिलेत. त्या एका शब्दावर माणसाच्या आयुष्याची वर्षं अवलंबून असतात.

पाटणकरीण
आमची आजी 'दरवडा' म्हणायची. माझ्या मते तो 'दार' वरूनच आला असावा, दार फोडून आत शिरणं.

अक्षरवेल
'दार'चा 'दर' कसा होईल? 'दरवाजा'तला 'दर' तर फारसी.

वऱ्हाडी माणूस
आमच्याकडे दरोडा कमी, 'डाका' जास्त. डाका टाकायला पाच जण लागतात असं कोणी मोजत नाही. रस्त्यात अडवून लुटलं तर 'वाटमारी'. हा शब्द पोलीस का वापरत नाहीत?

निवृत्त शिरस्तेदार
जुन्या कागदांत 'वाटमारी' सापडते. कायद्यात तिला वेगळं कलम नाही, ती जबरी चोरीतच येते. महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यान झाली तर शिक्षा वाढते, एवढाच फरक.

डेलावेअरकाठी
आणखी एक अडलंय. इथे राज्याचे खटले 'कॉमनवेल्थ विरुद्ध अमुक' म्हणून चालतात, कारण पेनसिल्व्हेनिया स्वतःला कॉमनवेल्थ म्हणवतं. संपादकांनी तिथे 'राष्ट्रकुल' केलंय.

पाटणकरीण
राष्ट्रकुल म्हटलं की वाचक क्रीडास्पर्धांकडे जाईल. नुसतं 'राज्य' लिहा.

अक्षरवेल
'राज्य' कसं? व्हर्जिनिया, केंटकी, मॅसॅच्युसेट्स हीसुद्धा कॉमनवेल्थ म्हणवतात. त्यांनी मुद्दाम निवडलेलं नाव आपण पुसायचं? 'लोकराज्य' करा.

पाटणकरीण
ते तर महाराष्ट्र शासनाचं मासिक आहे.